कोन्या गावचे तुमी?

माझी शॉर्टफिल्म स्पर्धेतून परत आली तेव्हा सोबत परीक्षकांचा एका ओळीचा शेरा होता. दोन्ही पात्रे एकमेकांना अनोळखी वाटत नाहीत.

आता फिल्मचा विषय काय, तर रात्री योगायोगानं भेटलेली दोन अनोळखी माणसं. म्हणजे स्वयंपाक्याला सांगावं, बाकी सगळं छान, फक्त जेवण नव्हतं. मी तो शेरा मोठ्यानं वाचला आणि मोबाईल पलंगावर फेकला. बायको पोट धरून हसली. "बरोबरच तं लिवलं त्यायनं," ती म्हणाली, "तिथं अनोळखी होतं कोन?"

ती फिल्म आज फक्त दोन घरांत बघितली जाते. एक घर मोर्शीजवळ, एक तेल्हाऱ्याजवळ. पाहुणा आला की चहाबरोबर त्याला ती दाखवतात आणि पाहुण्याला ती बघावीच लागते. त्यात माझं दिग्दर्शन कोणी बघत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

मी अमरावतीचा लग्नाचा शूटिंगवाला. वीस वर्षं झाली. हार घालताना नवरीला थांबवायचं, पुन्हा घालायला लावायचं, वरातीत पोट सुटलेल्या जावयांचा नाच टिपायचा आणि त्या सगळ्यावर डीजेचा आवाज. एका सीझननंतर माझ्या उजव्या कानात चोवीस तास घंटी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, आवाजापासून लांब राहा. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, मग खाऊ काय?

पण मनात बसलं की एकदा तरी आवाज नसलेलं काहीतरी करायचं. मोबाईलवर दिग्दर्शन शिकवणारे पुष्कळ व्हिडिओ बघितले. रात्र रात्र बसून गोष्ट लिहिली. हिवाळ्याची रात्र, फाट्यावरचा प्रवासी निवारा, एसटी चुकलेले दोन अनोळखी म्हातारे. एक म्हणतो, थंडी आहे. दुसरा म्हणतो, आहे. मग शांतता. मग पहिला पिशवीतून संत्रं काढतो, सोलतो, अर्धं दुसऱ्याला देतो. दोघं खातात. गाडी येते, एक जण जातो. कोणी कोणाला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. संपलं.

मी ही गोष्ट बायकोला वाचून दाखवली. ती भरीतासाठी वांगी भाजत होती. "गाव नाही इचारत?" तिनं विचारलं.

"नाही."

"काहून? भांडन झालं का त्यायचं?"

मी वही मिटली. कलेचं या घरात असंच आहे.

पहिल्या म्हाताऱ्यासाठी माझ्या डोळ्यांसमोर एकच चेहरा होता. मोर्शीकडच्या एका लग्नाचं शूटिंग मी केलं होतं, त्यात नवरदेवाचे एक काका होते. लांब चेहरा, पांढऱ्या मिशा आणि सबंध लग्नात एक शब्द नाही. सगळा मांडव ओरडतोय आणि हा माणूस खुर्चीवर गालाला हात लावून दूर कुठेतरी बघतोय. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून बघितला होता. असं मौन अभिनयानं येत नाही, ते आतूनच असावं लागतं, असं मी बायकोला सांगितलं होतं. पुढे कळलं, त्या सकाळी त्यांची दाढ काढली होती.

मी त्यांच्या गावी गेलो. संत्र्याचा बगिचा, विहीर, दारात ट्रॅक्टर. मी फिल्मचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा मानूस कोनचा?"

"हिवरखेडचे आहेत एक. नाटकात काम करतात."

"म्हंजे अकोल्याकडचा." काका सावरून बसले. "मंग येतो मी. मले काही नको तुमचं. फक्त त्यायच्या बाजूले बसवा."

मग त्यांनी उघडच सांगून टाकलं. त्यांचा एकुलता एक मुलगा पस्तिशीला टेकला होता. बी.ए. झालेला, निर्व्यसनी, बगिचा सगळा त्याच्या अंगावर. पण पोरगी मिळत नव्हती. "भाऊ, चपराशी चालते, पुन्याले कंपनीत वॉचमन असला तरी चालते, पन वावरवाला म्हनलं का मानसं चहाचा कप खाली ठेवते. मोर्शी झालं, वरुड झालं, अचलपूर झालं. इकडचे सारे मले नाही म्हनून चुकले. अकोल्याकडच्यायनं अजून नाही म्हनलं नाही."

तो मुलगा तेव्हा अंगणात संत्र्याच्या पेट्या मोजून ठेवत होता. त्यानं सगळं ऐकलं, पण मान वर केली नाही. मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याहून खरं हे की चेहरा मिळाला म्हणून मी खुश होतो.

हिवरखेडच्या गृहस्थांना सगळं गाव मामा म्हणतं. कपाशी आणि हरभऱ्याची शेती आणि गणपतीच्या नाटकात काम. मामांची ख्याती अशी की एकदा भूमिकेत शिरले की बाहेर येत नाहीत. एका नाटकात ते पहिल्याच अंकात मेले. स्टेजवर लाल मुंग्या निघाल्या. मामांच्या अंगावर चढल्या, चावल्या, पुढच्या रांगेतल्या बाया हळहळल्या, पण प्रेत हललं नाही. पडदा पडला तेव्हा मानेपासून पोटरीपर्यंत गांधी उठलेल्या. मी विचारलं, "मामा, खरंच हलला नाहीत?" तर म्हणाले, "मेलेला मानूस कसा हलन?" मला असाच नट हवा होता.

व्हिडिओत मी एक गोष्ट शिकलो होतो. प्रत्येक पात्राला पूर्वायुष्य द्यायचं आणि ते दुसऱ्या नटाला कळू द्यायचं नाही. म्हणजे चेहऱ्यावर गूढ येतं. म्हणून मी मामांना बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही एका लग्नाच्या मुलीचे बाप आहात, तिच्या काळजीनं तुमची झोप उडालीय, पण तुम्ही ते कोणाला सांगत नाही. मामांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "आलं." वास्तविक मामांना दोन मुलगे. मुलगी नाहीच.

शूटिंगला जागा निवडली होती चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर, एका फाट्यावरचा निवारा. मामा आमच्याकडेच उतरले होते. काका मोटरसायकलनं आले, कानाला मफलर, मागे संत्र्यांचं पोतं. कॅमेऱ्यावर मी, लाईट धरायला बायको. तिनं भरीत-भाकरीचा डबा बाकाखाली सरकवला आणि म्हणाली, "एकाले काका म्हनता, एकाले मामा, अन् म्हने अनोळखी."

मी म्हणालो, "लाईट सरळ धर."

कॅमेरा सुरू केला. दोघं बाकावर. मस्त अंधार, मस्त थंडी. काका म्हणाले, "थंडी हाय." मामा म्हणाले, "हाय." माझ्या अंगावर काटा आला. आता शांतता.

"कोन्या गावचे तुमी?" काकांनी विचारलं.

मी कट म्हणालो. जवळ जाऊन समजावलं की काका, गाव विचारायचं नाही. ते म्हणाले, बरं. पुन्हा सुरू केलं. थंडी हाय. हाय. मग काकांनी संत्रं काढलं, सोलायला घेतलं, आणि सोलता सोलता म्हणाले, "घरी कोन कोन असते?"

असं किती वेळा झालं ते सांगत नाही, मलाच लाज वाटते. कधी "शेती किती", कधी "पोरं काय करतात", कधी नुसतंच "सासुरवाडी कोनची तुमची". संत्री संपत चालली. मी एकदा खूप ओरडलो. काका शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमी कागदावर लिवलं, थे ठीक हाय. पन रातच्याले मानूस शेजारी येऊन बसला अन् मी त्याले गावबी नाही इचारलं, तं थो काय म्हनन? म्हनन, एवढा कायचा घमंड हाय याले."

"त्यायचं बरोबर हाय," लाईटमागून बायको म्हणाली.

मग तिनंच तोडगा काढला. एकदा काकांना पोटभर विचारू द्या, कॅमेरा चालू ठेवा, आवाज नंतर काढून टाका. एकदा मन मोकळं झालं की मग गप बसतील. मी वैतागलोच होतो. म्हणालो, विचारा काय विचारायचं ते. मामा, तुम्ही उत्तर द्या.

इथे माझं चुकलं नाही, हे मी आजही म्हणतो. पण कॅमेरा चालू आहे म्हटल्यावर मामा भूमिकेत, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

"कोन्या गावचे?" काकांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात हक्क होता.

"हिवरखेड." गाव मी लिहून दिलं नव्हतं, म्हणून मामांनी स्वतःचंच सांगितलं.

"पोरंबाळं?"

मामांनी अंधारात बघितलं. खोल श्वास घेतला. "एक पोरगी हाय. लगनाची."

काकांच्या हातातलं संत्रं थांबलं. "शिकली?"

"बी.एस्सी. झाली. पन तिले वावराचा नाद. सोता मोटर चालू करते, सोता फवारनी करते. पुन्याचा पोरगा आला होता, तिनंच नाही म्हनलं. म्हने, वावर सोडून फ्लॅटमंदी काय करू?"

मला भलतं आवडलं. इतकं तर मी लिहूनही दिलं नव्हतं. काय नट आहे, असं मनात म्हणत मी कॅमेरा मामांच्या डोळ्यांवर नेला. ते खरोखर भरले होते. काकांचे का भरले, ते मला तेव्हा कळलं नाही.

तेवढ्यात आजूबाजूच्या शेतांतल्या मोटरी एकदम घुमायला लागल्या. शेतीची लाईन, म्हणजे वीज, त्या आठवड्यात रात्रीची होती, ती आली. हरभऱ्याला पाणी द्यायला माणसं बॅटऱ्या घेऊन बांधांवरून निघाली, आमचा उजेड बघून वळली आणि कोंडाळं करून उभी राहिली. आवाजाचा सत्यानाश झाला. काकांचा फोन वाजला, त्यांच्याकडेही लाईन आली होती आणि मुलगा एकटाच बगिच्यात होता. काका उठले, मामांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि मोटरसायकल काढून गेले. पोतं तिथंच राहिलं. उरलेली संत्री हरभरेवाल्यांनी खाल्ली.

शांततेचा आणि संत्र्याचा सीन राहून गेला. तो नंतर करू म्हटलं.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "भाऊ, उद्या सकायी आंघोळ करून तयार राहा. जीप येते तुमाले घ्यायले. हिवरखेडले जायचं हाय, मामाकडे. तुमच्याशिवाय बरं दिसत नाही." मला वाटलं, दोन नटांची मैत्री जमली. मनातून बरंही वाटलं. चांगली पँट घातली.

जीपमध्ये काका, काकू, मुलगा, काकांचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि एक मावशी. मला पुढे बसवलं. काकूंच्या मांडीवर पिशवी, पिशवीतून नारळ डोकावत होता. मुलानं कडक इस्त्रीचा आभाळी शर्ट घातला होता आणि तो सीटला पाठ टेकवत नव्हता, घडी मोडेल म्हणून. दर्यापूर मागं पडलं तेव्हा मावशीनं विचारलं, "पोरगी उंच हाय का हो?"

"कोण पोरगी?" मी विचारलं.

सगळे हसले. काका माझ्या खांद्यावर थाप मारत म्हणाले, "आता कावून लपवता? तुमच्या समोरच तं बोलनं झालं."

त्या जीपमध्ये सात-आठ माणसं होती आणि ती मुलगी अस्तित्वात नाही हे फक्त मला ठाऊक होतं, कारण तिला जन्माला घालणारा मीच. खिडकीबाहेर कपाशीची वावरं पळत होती. मागून मुलानं हळूच विचारलं, "भाऊ, तुमाले तं चेहऱ्यातलं कळते. हा शर्ट बरा दिसते ना?"

"छान दिसतो," मी म्हणालो. आणि मग मला राहवेना. अकोटला चहाला थांबलो तेव्हा काकांना टपरीमागं नेलं आणि सगळं सांगितलं. पात्र, पूर्वायुष्य, गूढ, सगळं. म्हणालो, काका, मुलगी नाही. ते नाटक होतं.

काका समजूतदारपणे हसले. "भाऊ, तुमी कलाकार मानूस. तुमाले सारंच नाटक दिसते." मग गंभीर झाले. "रातच्याले, थंडीत, शेजारी बसलेल्या मानसाले कोनी पोरीबद्दल खोटं सांगते का? मी पाहिले ना त्याचे डोळे. चाला, चहा गार होते."

मी मामांना फोन लावला. लागला नाही. नंतर कळलं, ते वावरात होते आणि बंद पडलेला फोन घरी चार्जिंगला.

हिवरखेडला जीप दारात थांबली तेव्हा मामा नुकतेच परतले होते. हाफ पँट, पायांना काळी माती, हातात विळा. जीपमधून एकामागून एक माणसं उतरताना बघून त्यांनी विळा भिंतीमागं लपवला. काकूंच्या हातातला नारळ दिसला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. स्टेजवर संवाद विसरलेला नट विंगेतल्या माणसाकडे बघतो, तसं. मला काही सुचवता आलं नाही.

पण मामी खमकी. पाहुणे दिसले की पाणी, पाणी झालं की चहा, विचारायचं मागून. सगळे बैठकीत बसले. पोह्यांची फोडणी पडल्याचा वास आला तसे काका सैलावले. घर बघितलं, नजरेनं दाराकडे दोनदा जाऊन आले. मुलगा जमिनीकडे बघत होता. शेवटी काका म्हणाले, "मामा, मंग पोरीले बोलवा."

मामा उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, एवढे मोठे नट. पण कॅमेरा नव्हता. मामांना खोटं बोलता येईना.

"मले पोरगी नाही," ते म्हणाले. "दोन पोरं हायत. एक बाहेर गेला, एक वावरात हाय."

"तुमी तं म्हनले होते..."

"थे पिच्चरात म्हनलो जी."

काकूंनी मांडीवरचा नारळ हळूच पिशवीत आत ढकलला आणि पिशवीचं तोंड हातानं धरून ठेवलं. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी अजून विसरलो नाही. आणि तेवढ्यात मामी पोह्यांचं ताट घेऊन आल्या, वर ओलं खोबरं, बाजूला लिंबू. स्वयंपाकघरातून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "खाल्ल्याशिवाय उठायचं नाही," त्या म्हणाल्या. "मोर्शीवरून आले तुमी." सगळ्यांनी पोहे खाल्ले. खाली मान घालून खाल्ले. मुलानं ताटली स्वच्छ केली, आत नेऊन ठेवली आणि मामींना म्हणाला, "पोहे चांगले होते, काकू." हे त्याला सांगायची गरज नव्हती. मला तिथं रडू आलं आणि मी मिरची लागली म्हणालो.

परतीच्या वाटेवर काका अमरावतीपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. दाढ न काढता गप बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. मला घरी सोडताना जीपमधून एवढंच म्हणाले, "आठ दिवस घरात लय बरं वाटलं, भाऊ. हिनं भिंतीले चुना लावला."

मी फिल्म सोडून दिली. बायकोला म्हणालो, हा आपला धंदा नव्हे. ती नेहमीसारखं काही टोचून बोलेल असं वाटलं, पण नाही बोलली. हे जास्त वाईट.

दोन आठवड्यांनी काकांचाच फोन. "तुमचा संत्र्याचा सीन रायला ना? बोललो होतो, म्हनून येतो. मामाले बोलवा." मी नको नको म्हणालो. ते म्हणाले, "तुमचं काम कायले अडवू? तुमी थोडीच मले फसवलं?"

पुन्हा तोच फाटा, तोच बाक. काका आणि मामा एकमेकांना रामराम म्हणाले आणि बसले. बायकोनं लाईट धरला. मी कॅमेरा सुरू केला.

"थंडी हाय," काका म्हणाले.

"हाय."

आणि शांतता. काकांनी काही विचारलं नाही. समोर रस्त्याकडे बघत राहिले. एक ट्रक गेला, त्याचा उजेड दोघांच्या तोंडावरून सरकला, पुन्हा अंधार. काकांनी पिशवीत हात घातला, संत्रं काढलं, सावकाश सोललं. वीस वर्षं मी ज्यासाठी तडफडत होतो ते सगळं माझ्यासमोर, अगदी लिहिलं होतं तसं, चालू होतं. काका काहीच विचारत नव्हते, कारण त्यांच्याकडे आता विचारायला काही उरलं नव्हतं. मला ते बघवेना. मनात म्हणालो, काका, विचारा हो. गाव विचारा, शेती विचारा, सासुरवाडी विचारा. मी कट म्हणणार नाही.

काकांनी अर्धं संत्रं पुढं केलं. मामांनी ते घ्यायचं आणि खायचं, एवढंच राहिलं होतं. मामांनी ते घेतलं. खाल्लं नाही. लाल मुंग्या चावल्या तरी न हललेला तो माणूस माझ्या कॅमेऱ्याला पाठ करून काकांकडे वळला.

"त्या रातीले मी जे बोललो," मामा म्हणाले, "थे अख्खं खोटं नव्हतं."

काकांनी चघळणं थांबवलं.

"पोरगी हाय. माह्या बयनीची. माही भाची. तेल्हाऱ्याजवळ असते. बी.एस्सी., वावर, पुन्याचा पोरगा, सारं तिचंच बोललो मी. पोरगी आठवाची म्हनलं तं तीच डोयासमोर आली. फक्त बाप बदलला." मामांनी संत्रं बाकावर ठेवलं. "तुमी घरी आले तवा तोंडावर आलतं माह्या. पन दुसऱ्याची पोरगी, बयनीले न इचारता कशी बोलून देऊ? आता इचारलं. बयीन म्हने, बोलून पाहा."

काकांनी संत्र्याची बी बोटावर काढून बाजूला ठेवली आणि विचारलं, "खरी हाय का पिच्चरातली?"

मामांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून बाकावर दोघांच्या मध्ये ठेवला. मी म्हणालो, मामा, एवढ्या रात्री? ते म्हणाले, "तिकडेबी लाईन रातचीच हाय."

फोन उचलला गेला. आधी नुसती मोटरीची घरघर आणि पाणी पडल्याचा आवाज. मग एक मुलगी ओरडून बोलली, मोटरीच्या वरताण, "हां मामा, बोला लवकर. दोन वाफे रायले अजून."

मामांनी काकांकडे बघितलं. काकांनी घाईघाईनं मफलर सारखा केला, जणू तिकडून दिसत होतं. फोनपाशी वाकले. इतक्या वर्षांत त्यांनी किती माणसांना काय काय विचारलं असेल, आणि आता त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "बाई, मोटर किती एचपीची हाय?"

"पाचची," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तुमी कोन बोलून राह्यले? कोन्या गावचे तुमी?"

काकांनी आधी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. बायकोच्या हातातला लाईट हलत होता, मी तिला सरळ धर म्हणालो नाही. तिकडे पाणी पडत होतं, आणि ती मुलगी पुन्हा ओरडून म्हणाली, "सांगा ना जी, कोन्या गावचे?"

काकांनी संत्र्याचे हात धोतराला पुसले, ताठ बसले आणि आपलं गाव सांगितलं.